आणि साथी

नाव मीच नको म्हटलं होतं. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला मध्येच अडवून ‘पण तूच तर...’ असं सुरू करणार नाही. हो, मीच. आणि तरीही मी त्याच्यावर जळते. सकाळी मयूर विहारला मेट्रोत चढले की फोनवर पहिल्यांदा त्याचंच पान उघडते. आज कुठल्या देशात आहे, शेजारी कोण उभं आहे, गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी कुठल्या रंगाची आहे. रंग दर वेळी वेगळा. माझ्याही गळ्यात एक पट्टी असते. तिला मेट्रोचं कार्ड लटकवलेलं असतं.

तो म्हणजे स्वतंत्र चित्रपट दिग्दर्शक. पुण्याहून गुडगावला आयटीत आला, काही वर्षं कंपनीच्या खुर्चीत बसला, कंटाळला, कॅमेरा घेतला आणि शनिवार-रविवार दिल्लीतली लग्नं शूट करायला लागला. मग लग्नांनाही कंटाळला. कंटाळायची ऐपत असणं ही या धंद्यातली पहिली पायरी आहे, हे मला नंतर कळलं.

मी गुडगावजवळ मानेसरला कामगारांच्या एका मोहिमेत काम करते. पर्चे, म्हणजे मराठीत पत्रकं, लिहिते, छापून आणते, वाटते. आमच्या घरात सगळ्यांनी दिल्लीत सरकारी नोकऱ्या केल्या, त्यामुळे मी नेमकं काय करते हे आईला अजून नीट समजलेलं नाही. शेजाऱ्यांना ती ‘एनजीओत आहे’ असं सांगून मोकळी होते.

आमची ओळख कारखान्याच्या गेटवर झाली. शिफ्ट सुटली की माणसं गेटमधून निघून तडक कंपनीच्या बसमध्ये चढतात. गेट ते बस एवढ्या अंतरात पर्चा हातात गेला तर गेला. त्या गडबडीत एक पोरगा कॅमेरा डोळ्याला लावून उभा.

“दीदी, ये बंदा किसका है?” एका कामगाराने मला विचारलं.

कंपनीचा नाहीतर पोलिसांचा, असंच आम्ही धरून चाललो. मी जाब विचारायला निघाले आणि तेवढ्यात आईचा फोन. “आणते गं कोथिंबीर, आणते! आत्ता गेटवर आहे!” मी ओरडले. कॅमेरा खाली आला.

“अरे, तू मराठी?”

“तू कोण आहेस ते आधी सांग.”

“मी फिल्म बनवतोय.”

“कुणासाठी?”

“स्वतःसाठी.”

असं उत्तर मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आमच्यात कुणी काही स्वतःसाठी करत नाही. निदान तसं बोलत तरी नाही. मला राग यायला हवा होता. आला नाही. माझ्या मनात आलं, असं म्हणता येतं तर!

बसमधून उतरल्यावर ही माणसं कुठे जातात, हे त्याला दाखवायचं होतं. त्याला कुठलंच दार माहीत नव्हतं. मला सगळी माहीत होती. मी त्याला एक खोली मिळवून दिली, जिथे दिवसाच्या शिफ्टचे उठले की त्याच गाद्यांवर रात्रीच्या शिफ्टचे झोपतात. घरमालकाला वाटलं आम्ही त्याच्या भाड्याची चौकशी करायला आलोय. त्याच्या बायकोशेजारी बसून मी दुपारभर मटार सोलले, तेव्हा कुठे कॅमेरा जिना चढला. कोणाला काय विचारायचं हे मी ठरवायचे, कारण कोण कशावर बोलेल आणि कशावर उठून जाईल हे मला ठाऊक होतं. शेअर ऑटो मी थांबवायचे, चहा मी सांगायचे, एकजण ऐन वेळी घाबरला तेव्हा त्याची समजूत मी काढली. आमच्याकडे या सगळ्याला ‘तयारी’ म्हणतात. चित्रपटवाल्यांकडे त्याला निर्मिती म्हणतात, हे मला कोण सांगणार?

आणि एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी बजावली होती. चेहरा नाही. ज्याचा चेहरा दिसला त्याची नोकरी गेली, एवढा सरळ हिशोब. तो वैतागला होता.

“चेहऱ्याशिवाय फिल्म कशी होईल, यार?”

“हात दाखव.”

“हात?”

“भाजी चिरणारे, बूट बांधणारे. माणूस हातातही दिसतो. नाहीतर कॅमेरा बंद कर.”

त्याने हात दाखवले. तक्रार करत करत दाखवले.

संकलन झाल्यावर एका टपरीवर त्याने मला विचारलं, “तुझं नाव कसं लिहू?”

“नाव-बिव नको.”

“म्हणजे?”

“आम्ही नाव घालत नाही.” आमच्या पर्च्याच्या तळाशी ‘निवेदक: आपके साथी’ एवढंच असतं. पर्च्यावर ज्याचं नाव छापलं जातं त्याचं नाव हजेरीतून गळतं. ही सवय माझ्या अंगात इतकी मुरलेली होती की चित्रपट म्हणजे पर्चा नव्हे, हे डोक्यात शिरलंच नाही.

“मग मी लिहू काय?”

“लिही ना, ‘और साथी’.”

“यार, हे भारी आहे!” तो म्हणाला. मलाही भारी वाटलं. कोथिंबीर घेऊन घरी गेले.

मग एक मॅडम आल्या. दक्षिण दिल्लीतल्या. शूटिंग संपलं होतं, संकलन संपलं होतं. त्यांनी आवाजाचं काम चांगल्या स्टुडिओतून करून दिलं, इकडेतिकडे फोन फिरवले आणि चित्रपटाच्या निर्मात्या झाल्या. मानेसरला त्या एकदाही आल्या नाहीत. मी त्यांना वाईट म्हणत नाही. त्यांना माहीत होतं काय मागायचं, आणि त्यांनी मागितलं. मला त्यांचाही हेवा वाटतो, पण तो थंड हेवा आहे. त्याच्याबद्दलचा गरम आहे.

कारण चित्रपट चालला. म्हणजे थिएटरात नाही, असले चित्रपट तिथे लागत नाहीत. ते विमानाने जातात. एका महोत्सवाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. आणि सगळ्यांनी कौतुक कशाचं केलं? हातांचं. चेहरा न दाखवता माणूस दाखवण्याच्या दृष्टीचं. एका मुलाखतीत तो म्हणाला, चेहरा नाकारणं हे त्याचं राजकीय विधान आहे. मी मेट्रोत उभी होते. मोठ्याने म्हणाले, “अरे, तो सुपरवायझरचा धाक होता!” शेजारच्या बाईने पर्स जवळ ओढून घेतली.

‘स्वतंत्र’ या शब्दाचा मला तेव्हापासून राग येतो. कुणापासून स्वतंत्र? या धंद्यातली मी आता पुष्कळ माणसं पाहिली. कुणाच्या वडिलांचा फ्लॅट आहे, कुणाच्या बायकोचा पगार येतो, कुणी आठवडाभर कंपन्यांसाठी ‘सुरक्षितपणे काम कसे करावे’ असल्या फिल्मा काढतो आणि रविवारी स्वतंत्र होतो. दिग्दर्शक म्हणजे ज्याला वाट पाहणं परवडतं तो. निर्माता म्हणजे ज्याचा फोन उचलला जातो तो. आणि या दोघांच्या मध्ये जी माणसं मटार सोलतात, ती ‘आणि साथी’. हे पर्च्यासारखं झालं, माहीत आहे. पण खोटं काय आहे यात, सांगा.

त्याचा दुसरा चित्रपट ठरला. त्याच्या आईची पुण्यात मुलाखत झाली, लहानपणी तो भिंतीवर चित्रं काढायचा वगैरे. मीसुद्धा काढायचे. आईने पुसून घेतली माझ्याकडून.

आता मुद्द्यावर येते. मला माझी फिल्म करायची आहे. त्याच मानेसरच्या बायकांवर, ज्या शेअर ऑटोत एकमेकींच्या मांडीवर बसून कारखान्यात येतात आणि त्या अर्ध्या तासात जेवढं हसतात तेवढं दिवसभरात हसत नाहीत. नवीन निर्मात्यांसाठी दिल्लीत एक कार्यशाळा असते. तिथे घेतलं तर कॅमेरा मिळतो, शिकवणारी माणसं मिळतात. अट एकच: लोकांसमोर दाखवलेल्या एखाद्या चित्रपटाच्या नामावलीत निर्माता म्हणून तुमचं नाव हवं. मी फोन करून विचारलं, साथी चालेल का? पलीकडची मुलगी म्हणाली, “सॉरी मॅम, साथी कौन?”

मग त्याला फोन केला. बिल्कुल न लाजता सांगितलं, माझं नाव घाल.

“अगं पण तूच तर...”

“मीच. आता घाल.”

“बोलूया ना, यार. आत्ता एअरपोर्टवर आहे. आलो की निवांत बोलूया.”

तो आला तेव्हा निवांत काही नव्हतं, काम होतं. दिल्लीच्या मराठी मंडळाने चित्रपट दाखवायचं ठरवलं होतं आणि त्यांना मराठी सबटायटल हवी होती. “तुझ्याशिवाय कोण करणार?” तो म्हणाला. बघा हं, नाव घालायला वेळ नाही, पण काम द्यायला आहे. तरी मी घेतलं. ती वाक्यं मी गोळा केली होती. दुसऱ्या कुणी त्यांना हात लावलेला मला चालला नसता.

आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बसले. आई पालक निवडत ऐकत होती. माझं मराठी दिल्लीचं, अर्धे शब्द गळलेले. मी मोठ्याने वाचलं, “मी सध्या रात्रीच्या शिफ्टमध्ये आहे.”

“रात्रपाळी म्हण,” आई म्हणाली.

“आई! पाळी?”

“अगं, पाळी म्हणजे शिफ्ट. दिवसपाळी, रात्रपाळी. तुम्हा दिल्लीच्या पोरांना पाळीचा एकच अर्थ माहीत.”

असं तिने मला पुष्कळ ठिकाणी वाचवलं. नामावलीची शेवटची पाटी आली तेव्हा नेमकी ती कुकर बघायला उठली. ‘और साथी’. मी लिहिलं, ‘आणि साथी’. तिथे माझं नाव टाइप करणं सोपं होतं, कुणी बघायला नव्हतं. पण मला ते गुपचूप घुसवायचं नव्हतं. जे माझं आहे ते मी खिडकीतून आत का टाकू?

मंडळाचा हॉल भरला होता. जुनी दिल्लीकर मराठी माणसं पुढे, गुडगावची आयटीवाली मागे. चित्रपट संपला, शेवटची पाटी आली, दिवे लागले, टाळ्या झाल्या. तो स्टेजवर. खादीचा कुडता, दाढी राखलेली. पहिल्या रांगेतले एक आजोबा उठले. दिल्लीच्या हिंदूराव हॉस्पिटलातून निवृत्त झालेले डॉक्टर, आईच्या ओळखीचे.

“चित्रपट उत्तम,” ते म्हणाले. “हात तर फारच छान. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘आणि साथी’. कुठल्या साथी? माझी सगळी नोकरी साथींमध्येच गेली, डेंगी म्हणा, कावीळ म्हणा. तुमच्या चित्रपटात तर एक माणूस खोकत नाही!”

हॉलभर हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, “मास्क लावा रे!”

आई माझ्या कानाशी म्हणाली, “मला विचारायचंस. ‘सहकारी’ सांगितलं असतं.”

स्टेजवर तोही हसत होता. “काका, साथी म्हणजे सोबती. चळवळीतला शब्द आहे तो.”

“अच्छा, अच्छा. मग या सोबत्यांना नावं नाहीत?”

त्याने गर्दीत मला शोधलं आणि माझ्याकडे हात केला. मला वाटलं, आता म्हणेल.

“ती बसलीये ना, तिने खूप मदत केली. मी म्हटलं नाव देतो, तर नको म्हणाली. आजच्या जगात असं कोण करतं? एवढं मोठं मन! तिच्यासाठी एकदा जोरदार टाळ्या.”

टाळ्या झाल्या. माझ्या फोनबद्दल एक अक्षर नाही. मंडळाच्या चिटणीसबाई लगबगीने आल्या. शाल एकच आणली होती, ती त्याला दिलेली. मला त्यांनी टेबलावरच्या फुलदाणीतलं एक गुलाबाचं फूल काढून दिलं. देठातून पाणी ठिबकत होतं. आई डोळे पुसत होती. आणि मला कळलं, की मी आता खाली बसले तर जन्मभर मोठ्या मनाचीच राहणार. मोठ्या मनाला कुणी कार्यशाळेत घेत नाही.

मी माइक मागितलाच नाही. गेटवर ओरडून ओरडून आवाज तयार आहे.

“टाळ्या नकोत. मला नाव हवंय.”

पुढच्या रांगांतली डोकी मागे वळली.

“मी मदत नाही केली. खोली मी मिळवली, माणसं मी बसवली, प्रश्न माझे, ‘हात दाखव’ हे माझं. याला निर्माती म्हणतात. मला हा शब्द तेव्हा माहीत नव्हता, आता आहे. गेल्या महिन्यात मी याला फोन करून नाव मागितलंय. मन मोठं नाहीये माझं. मी जळते याच्यावर, रोज जळते.”

“अगं बाई,” चिटणीसबाई म्हणाल्या.

“मग आधी नको का म्हणालीस?” डॉक्टर आजोबांनी विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं.

“आजोबा, पर्च्यावर नाव आलं की आमच्याकडे माणसाची नोकरी जाते. चित्रपटात नाव आलं नाही तर जाते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.”

ते मान हलवत खाली बसले. मागची आयटीवाली मुलं माझ्याकडे बघत होती, तो माइककडे बघत होता. मग चिटणीसबाईंनी तेच केलं जे मंडळात अडचणीच्या वेळी करतात: “चला, वडे गार होतायत.”

वड्यांच्या टेबलापाशी तो मला कोपऱ्यात घेऊन गेला. शाल अजून खांद्यावर होती.

“सगळ्यांसमोर? यार, घरी बोलली असतीस.”

“एअरपोर्टवर बोलले होते.”

“मॅडम ऐकणार नाहीत. करारात निर्माती एकच आहे.”

“करार झाला तेव्हा मी कुठे होते?”

“गेटवर,” तो म्हणाला. “पर्चे वाटत होतीस.”

हे इतकं खरं होतं की दोघांनाही हसू आलं. मला माझ्या हसण्याचा राग आला.

“मी तुला टाळत होतो,” तो मग म्हणाला. “सगळे हातांबद्दल विचारतात. तुझं नाव आलं की सांगावं लागेल ना, हात कुणाचे.”

एवढं तो बोलला, याबद्दल मी त्याला मानते. माफ-बिफ केलेलं नाही.

“मराठी कॉपी मॅडमच्या करारात आहे?” मी विचारलं.

“नाही. ती मंडळासाठी, फुकट आहे.”

“लॅपटॉप काढ.”

त्याने वड्याची बशी बाजूला सरकवली, शेवटची पाटी उघडली आणि टाइप करायला लागला. “सहनिर्माती लिहू?”

“निर्माती.”

त्याने लिहिलं: निर्माति. मागे आई येऊन उभी होती.

“ती दीर्घ, रे,” आई म्हणाली.

“सॉरी, काकू.” त्याने वेलांटी दुरुस्त केली, खाली माझं नाव घातलं. “आणि हे ‘साथी’ काढून टाकू? लोक घाबरतात.”

“नाही,” मी म्हटलं. “ज्यांना नोकऱ्या टिकवायच्या आहेत ते तिथेच राहू देत.”

आईचं म्हणणं ‘सहकारी’ कर. मी नाही केलं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगू.

ती कॉपी दुसऱ्यांदा दाखवली गेली गुडगावच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये. तो नव्हता, पुन्हा बाहेर गेला होता. आईला मी मुद्दाम नेलं, फोटो काढायला. कार्यशाळेला फाइल पाठवायचीच होती. फोटो मला स्वतःला हवा होता. चित्रपट संपत आला आणि मागे पावभाजीचा तवा वाजायला लागला. शेवटची पाटी पडद्यावर आली तेव्हा अख्खा क्लबहाउस पडद्याकडे पाठ करून उभा होता.

आईने फोटो दाखवला. वर ‘निर्माती’ दिसतंय, खाली ‘आणि साथी’ दिसतंय, आणि मधल्या नावावर एका काकांचं टक्कल आलंय. नेमक्या त्याच वेळी माझ्या हातातला फोन थरथरला. त्याचा नवा फोटो. पट्टी हिरवी. मागे लोक बसलेले, सगळे, शेवटपर्यंत बसलेले, दिवे लागले तरी. मी पुन्हा जळले. त्याच्यासाठी माणसं बसून राहतात!

“जाऊ दे गं,” आई म्हणाली. “नाव तर आलं ना?”

“कुणी बघितलं?”

“मी बघितलं.”

“तू फोटो काढत होतीस.”

मी उठले, पुढे गेले, लॅपटॉपवर शेवट मागे नेला आणि गेटवरचा आवाज लावला. “ए, पावभाजी कुठे पळून जात नाहीये! दोन मिनिटं बसा सगळे!”

हातात प्लेटा घेतलेली माणसं गोंधळून मागे वळली. एकजण बसला, मग त्याची बायको बसली, मग बाकीचे. टक्कलवाले काका आईला म्हणाले, “सॉरी हं ताई, मध्ये आलो का?” मी पाटी पुन्हा लावली.